पॅरेंटिंग प्लॅन: मध्यस्थीतून केलेला, वर्षभर पाळलेला

आमच्या घटस्फोटाच्या कागदांतली सगळ्यात कामाची पानं शेवटची आहेत. लेक कधी कुणाकडे, सणाला कुठे, फी कोण भरणार, शाळेतून फोन आला तर आधी कुणाला, हे सगळं त्यात लिहिलंय. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात मध्यस्थीतून केलेल्या या प्लॅनला आता वर्ष उलटून गेलं. लेक तिसरीत आहे, आईजवळ कोथरूडला राहते. मी चिंचवडला असतो. ज्यांचं हे सगळं अजून व्हायचंय, त्यांच्यासाठी लिहितोय.

प्रक्रियेचं थोडक्यात सांगतो. आधी समेटाचा प्रयत्न करणं हे १९८४च्या कायद्यानं कौटुंबिक न्यायालयाचं कामच ठरवलंय, त्यामुळे समुपदेशक आणि मध्यस्थ हा टप्पा येतोच. संसार पुन्हा जुळणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून आम्ही सगळा वेळ लेकीच्या विषयावर घालवला. मध्यस्थ निकाल देत नाही. कधी दोघांना समोरासमोर बसवतो, कधी एकेकाला वेगळं, आणि तिथलं बोलणं बाहेर वापरता येत नाही. जे ठरतं ते कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, म्हणून लिहून, सह्या होऊन न्यायाधीशांपुढे जातं आणि हुकूमनाम्याचा भाग होतं. परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात सहा महिने थांबावं लागतं. ती मुदत माफ करता येते असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं, पण ताबा-पोटगीचे प्रश्न खरोखर मिटलेले असावे लागतात. म्हणजे मुलाचं आधी ठरवलं तर बाकीचंही लवकर सुटू शकतं.

मध्यस्थीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे समुपदेशक लेकीशी एकट्यानं बोलल्या. ती काय काय बोलली ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. इतकंच म्हणाल्या, “तिला दप्तराची काळजी आहे.” पुस्तक एका घरी राहिलं आणि बाई रागावल्या तर? आम्ही दोघं शनिवार की रविवार यावर भांडत होतो आणि पोरीच्या डोक्यात हे. त्या आठवड्यात बालभारतीच्या पुस्तकांचा दुसरा संच घेतला, गणवेशाचा एक जोड आणि कंपासपेटी माझ्याकडे ठेवली. प्लॅनमध्येही तसंच लिहिलं.

आता वापराबद्दल. सर्वांत चांगलं चाललेलं कलम ने-आणीचं. एकाआड एक शुक्रवारी मी तिला शाळेतून घेतो आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडतो. दारात उभं राहून बोलायची वेळ येत नाही, त्यामुळे तिच्यासमोर आवाजही चढत नाही. शाळेला सुट्टी असेल तेव्हा सिव्हिल कोर्ट (आता जिल्हा न्यायालय) मेट्रो स्टेशन. ती वनाझहून आईबरोबर येते, मी पिंपरीकडून, दोन्ही मार्ग तिथंच भेटतात. दोघांपैकी कुणाच्याही घराखाली थांबण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सणांवर आम्ही खूप वेळ दिला, तो वसूल झाला. गणपती आमच्या गावी, संगमेश्वरला. चुलत भावंडं सगळी तेव्हाच येतात, म्हणून गणपती दरवर्षी माझ्याकडे. लक्ष्मीपूजन दरवर्षी आईकडे. भाऊबीज आळीपाळीनं, कारण मामेभाऊ कोथरूडला आणि चुलतभाऊ चिंचवडला. एकदा लिहिल्यावर यावर पुन्हा शब्द झाला नाही. दोन्ही आज्यांनीही मान्य केलं, हे मला सगळ्यात अवघड वाटलं होतं.

फोनचं कलम मात्र फसलं. रोज साडेसातला व्हिडिओ कॉल असं होतं. आठ वर्षांचं मूल ठरलेल्या वेळेला बोलत नाही. ती पंख्याकडे कॅमेरा करून खेळायला जाई आणि मी पंखा बघत बसे. आता बुधवार ठरलेला, बाकी तिला वाटेल तेव्हा.

खरा वाद झाला उन्हाळ्याच्या सुट्टीवर. मसुद्यात “परस्परांच्या सोयीनं निम्मी निम्मी” एवढंच होतं. आईनं पोहण्याचा वर्ग लावला आणि त्याच दिवसांत माझं गावचं जाणं. नोटिशीपर्यंत भाषा गेली. पण वाद झाला तर न्यायालयात अर्ज करण्याआधी एकदा मध्यस्थासमोर बसायचं, हेही प्लॅनमध्ये होतं, त्यानं वाचवलं. एका बैठकीत मिटलं: सम वर्षी पहिली निम्मी आईकडे, विषम वर्षी माझ्याकडे, आणि तारखा १५ मार्चपर्यंत लेखी. सोयीनं, समजुतीनं, असे शब्द दिसले की तिथं तारीख आणि वेळ घालून घ्या. समजूत असती तर कागद कशाला लागला असता?

आजारपणाचंही राहून गेलं होतं. ताप आला तर माझा शनिवार-रविवार बुडाला की पुढे ढकलला? आता ठरलंय: लेकीच्या आजारानं चुकलेले दिवस पुढच्या आठवड्यात मिळतात, आई-बापाच्या कामामुळे चुकलेले नाही.

पैशांबद्दल एकच सांगतो. फी मी थेट शाळेत भरतो, औषधपाणी निम्मं निम्मं, पावत्या एका सामाईक शीटमध्ये. आणि पैसे उशिरा आले म्हणून भेट अडवायची नाही, भेट चुकली म्हणून पैसे अडवायचे नाहीत, ही ओळ स्वतंत्र लिहून घ्या.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. घरात मारहाण झाली असेल, धाक असेल, तर एका टेबलावर बसून मोकळेपणानं ठरवणं शक्यच नसतं. तिथं आधी २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी गाठावा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचे आदेश पुढेही बदलून घेता येतात. आमचा प्लॅन दरवर्षी एप्रिलमध्ये उघडून बघायचं ठरलंय. येत्या खेपेला मोबाइल कधी द्यायचा हे लिहायचं आहे, आणि पाचवीत शाळा बदलली तर शुक्रवारची वेळ.