बांद्र्याचा रविवारचा लॅटिन क्लास: दहा रविवार जाऊन आले, आता सांगते

गेली चार वर्षं मी राणीच्या बागेत झाडं बघायला जाते, पाट्यांवरची शास्त्रीय नावं पाठ झाली होती पण अर्थ कळत नव्हता, आणि एक प्रश्न सतत डोक्यात होता की फिकुस रेलिजिओसा म्हणजे पिंपळ, मग पहिला शब्द -उस ने संपतो आणि दुसरा -आ ने, असं का? कुणाला विचारलं तर "ते लॅटिन आहे" एवढंच उत्तर. म्हणून हा क्लास लावला. बांद्र्याला स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, दहा रविवारांचे साडेचार हजार रुपये. मी डोंबिवलीहून जायचे, म्हणजे दादरला गाडी बदला, आणि मेगाब्लॉक असला तर परत घरी यायला तीन वाजायचे. तरी एकही रविवार बुडवला नाही.

शिकवणारे सर वसईचे, घरात मराठी, त्यामुळे नियम अडला की सरळ मराठीत समजावतात, आणि माझ्या मते या क्लासचा सगळा जीव त्यातच आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर "देऊळ" लिहिलं आणि विचारलं, याला "त" लावा. आम्ही म्हटलं देवळात. "देऊळात का नाही?" कुणालाच सांगता येईना, कारण आपण कधी विचारच करत नाही, शब्द आधी सामान्यरूपात जातो आणि मग प्रत्यय लागतो हे आपल्या तोंडात बसलेलंच असतं. मग त्यांनी शेजारी लिहिलं रेक्स, रेगिस. रेक्स म्हणजे राजा, रेगिस म्हणजे राजाचा. डिक्शनरीत लॅटिन नाम असं जोडीनेच देतात, प्रथमा आणि षष्ठी, कारण षष्ठीच्या रूपातलं -इस काढलं की रेग- उरतं आणि पुढचे सगळे प्रत्यय त्याला लागतात, रेगेम राजाला, रेगिबुस राजांना. नुसतं रेक्स पाठ केलं तर पुढे काहीच करता येत नाही. मी पहिल्या आठवड्यात वीस शब्द एकेकटेच पाठ केले होते, ते सगळे पुन्हा जोडीने करावे लागले, म्हणून नवीन येणाऱ्यांना कळकळीने सांगते की शब्द, षष्ठी आणि लिंग, तिन्ही एकाच कार्डावर लिहा आणि एकत्रच म्हणा. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची कार्डं केली होती, लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मधे दोन कार्डं असा हिशोब.

लिंगाचं तर आपल्याला काही नवीन नाही. तो, ती, ते आपल्याकडे आहेतच, लॅटिनमध्येही तिन्ही आहेत. बॅचमध्ये हिंदी बोलणाऱ्या दोन मुली होत्या, त्यांना नपुंसकलिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलंय त्यांना तर बेल्लुम (युद्ध) शब्दाची प्रथमा-द्वितीया सारखीच म्हटल्यावर लगेच "फलम्, फलम्" आठवतं. द्विवचन नाहीच, एकवचन आणि अनेकवचन संपलं. विभक्त्याही कमी, आपल्या तृतीयेचं आणि पंचमीचं काम ॲब्लेटिव्ह नावाची एकच विभक्ती करते, सप्तमीचंही बहुतेक त्याच्यातच गेलंय.

पण मराठीमुळे घोटाळेही होतात आणि ते सरांनी आधीच ओळखून ठेवलेत याचं मला फार कौतुक वाटलं. आपण "खलाशी मुलीला बघतो" म्हणतो पण "खलाशी गुलाब बघतो" म्हणतो, गुलाबाला "ला" लावत नाही. लॅटिनमध्ये माणूस असो की फूल, द्वितीयेचा प्रत्यय हवाच, नाउता पुएल्लाम विदेत आणि नाउता रोसाम विदेत. आम्ही बारा जण होतो, पहिल्या टेस्टमध्ये नऊ जणांनी नुसतं रोसा लिहिलं. दुसरी चूक म्हणजे भूतकाळात आपण "शेतकऱ्याने आंबा खाल्ला" म्हणतो म्हणून शेतकऱ्याला तृतीया समजून ॲब्लेटिव्ह लावायचा. नाही, आग्रिकोला (शेतकरी) प्रथमेतच राहतो. तिसरी गोष्ट "मुंबईत आहे" आणि "मुंबईत जाते" यात आपला "त" एकच, लॅटिनमध्ये शहरात असणं म्हणजे इन उर्बे आणि शहरात जाणं म्हणजे इन उर्बेम. हे समजावताना सरांनी आपल्या मुंबईचंच जुनं बिरुद घेतलं, उर्ब्स प्रिमा इन इंदिस, म्हणजे भारतातलं पहिलं शहर. महापालिकेची १८९३ साली पूर्ण झालेली इमारत आहे ना सीएसएमटीसमोर, तिच्यावरची पंखवाली मूर्ती याच वाक्याची. उर्ब्स स्त्रीलिंगी म्हणून प्रिमुस नाही तर प्रिमा, आणि इंदिस हे अनेकवचनातलं ॲब्लेटिव्ह. मी त्या इमारतीसमोरून हजारदा गेले असेन, त्या दिवशी मुद्दाम थांबून वर बघितलं.

आणि माझ्या पिंपळाचं उत्तरही त्याच तासाला मिळालं. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी धरतात, शेवटी -उस असला तरी, म्हणून फिकुस रेलिजिओसा, म्हणून चिंच तामारिंदुस इंदिका. उलट आग्रिकोला, नाउता, पोएता (कवी) दिसायला स्त्रीलिंगी पण आहेत पुल्लिंगी, त्यांची विशेषणं -उस वाली. विशेषण नामाच्या शेपटाशी जुळत नाही, लिंगाशी जुळतं, एवढं कळलं की अर्धं भांडण मिटतं.

आता तक्रारी. पहिली मोठी म्हणजे छापील नोट्स. दीर्घ स्वरावर आडवी रेघ द्यायची असते, ती या नोट्समध्ये कुठेच नाही, त्यामुळे प्रथमेतला रोसा (शेवटचा आ आखूड) आणि ॲब्लेटिव्हमधला रोसा (शेवटचा आ लांब) कागदावर अगदी सारखे दिसतात. नवीन माणसाला कसं कळणार? मी वहीत देवनागरीत लिहायला लागले, लांब असला की अवग्रह, रोसाऽ, त्यानंतर गोंधळ थांबला, पण साडेचार हजार घेतल्यावर ते काम नोट्सनी करायला हवं. दुसरी तक्रार, पहिली दोन डिक्लेन्शन्स (नामं चालवायचे गट, एकूण पाच) पाच रविवार आरामात आणि मग चौथं-पाचवं शेवटच्या दिवशी चाळीस मिनिटांत. तिसऱ्याला तीन रविवार दिले तेही कमीच, सगळ्यात जास्त नामं तिथे आहेत. उच्चारांचंही एकच धोरण हवं होतं, सर प्रार्थना म्हणताना चर्चच्या पद्धतीने c चा च करून चेलिस (स्वर्गात) म्हणतात आणि व्याकरणात जुन्या रोमन पद्धतीने सगळीकडे क, दोन्ही बरोबर आहेत पण हे त्यांनी सहाव्या रविवारी सांगितलं.

तरी सातव्या रविवारसाठी मी सगळं माफ करेन. पातेर, मातेर, फ्रातेर लिहिलं, पितृ, मातृ, भ्रातृ कुणीतरी म्हटलंच, इग्निस अग्नी, नोमेन नाम, देन्स-देन्तिस दन्त. तेवढं ऐकून होतं. मग सरांनी पातेरचं चतुर्थी अनेकवचन लिहिलं, पात्रिबुस, आणि खाली लिहिलं पितृभ्यः. बुस आणि भ्यः, मूळ एकच. बाबांच्या श्राद्धाला गुरुजी "पितृभ्यः" म्हणतात ते मी दरवर्षी हात जोडून ऐकते. हॉलमध्ये एकदम शांत झालं होतं, शेजारच्या काकूंनी माझा हात धरला.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. नोट्सचं मी सरांना सांगितलंय, रेघा घालून नवीन छापतो म्हणालेत, तरी पहिल्या दिवशी त्यांना आठवण करा. दोनशे पानी वही न्या, पंखा मधल्या रांगेवरच आहे म्हणून सव्वानऊला पोचा, आणि शाळेचं संस्कृतचं पुस्तक माळ्यावर असेल तर काढून ठेवा.