एलएस बेल्ट: मापात घेतला तरच कामाचा

नाशिकजवळ दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत क्रेट उचलणारे असोत, सातपूर-अंबडला अख्खी पाळी मशीनपाशी उभे राहणारे असोत, कंबरदुखी महिनोन्‌महिने हटेना झाली की पहिली खरेदी बहुधा एलएस (लंबोसॅक्रल) बेल्टची, म्हणजे कंबरपट्ट्याची होते. रुंद इलॅस्टिकचा पट्टा, मागे मणक्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताठ पट्ट्या, पुढे वेल्क्रो. वस्तू चांगली आहे, पण पुष्कळ घरांत ती चुकीच्या मापाची असते.

पँटचा नंबर सांगून पट्टा मागू नका. पँट पोटाखाली बसते, पट्टा पोटावरून जातो. ताठ उभं राहून, पोट आत न ओढता, बेंबीच्या पातळीवर शिंप्याच्या टेपनं घेर मोजा आणि खोक्यावरच्या तक्त्याशी ताडून बघा. कंपनी बदलली की 'एल'चं माप बदलतं. मग दुकानातच पट्टा लावून खुर्चीवर बसा. उभ्यानं झकास वाटणारा पट्टा बसल्यावर वर बरगड्यांत किंवा खाली जांघेत रुततो. ठेंगण्या बांध्याच्या माणसांना हा त्रास जास्त, त्यांनी कमी रुंदीचा मागावा.

लावताना ताठ पट्ट्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हव्यात, मणक्यावर नकोत. आधी मुख्य पट्टा साधारण आवळायचा, वरून ओढायचे जादा पट्टे असतील तर ते नंतर. पट्ट्याच्या आत दोन बोटं सहज जायला हवीत आणि पोटभर श्वास घेता यायला हवा. चालताना पट्टा वर सरकत असेल तर तो ढिला तरी आहे किंवा माप चुकलंय. जास्त आवळणं हा त्यावरचा उपाय नाही. आतून सुती बनियन हवंच, नाहीतर एप्रिलमधल्या द्राक्षाच्या खरड छाटणीत घामानं कातडी सोलवटते.

आता खरा प्रश्न, किती वेळ? ओझं उचलायचं असेल, बराच वेळ उभं राहायचं असेल किंवा खड्ड्यांतून दुचाकीवर जायचं असेल, तेवढा तास-दोन तास. झोपताना नाही, जेवल्या जेवल्या नाही. दिवसभर बांधून ठेवला की माणूस वाकायलाच भिऊ लागतो, हालचाल घटते, कंबर आणखी आखडते. पट्ट्यानं जुनं दुखणं बरं होत नाही, हे विक्रेत्यानं सांगायला हवं, पण सांगितलं जात नाही याचं वाईट वाटतं. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१६ च्या सूचनांत तर कंबरदुखीसाठी पट्टे देऊच नयेत असं म्हटलंय; भर व्यायामावर आणि कामात राहण्यावर आहे. म्हणून पट्ट्याइतकेच पैसे फिजिओथेरपिस्टच्या दोन-तीन भेटींसाठी बाजूला काढा. तिथं व्यायाम शिकून घ्यायचे. नुसता शेक घेऊन परतायचं नाही. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चालायचं असेल तर १० मिनिटांपासून सुरुवात करा. बरं वाटलं त्या दिवशी एकदम तासभर चालून पुढचे दोन दिवस अंथरूण धरणं, ही जुन्या दुखण्यातली नेहमीची चूक.

धुण्याआधी ताठ पट्ट्या काढा, वेल्क्रो बंद करा (उघडा राहिला तर इलॅस्टिक ओरबाडतो), साध्या पाण्यात हातानं धुवा, न पिळता सावलीत वाळवा. वेल्क्रोत सुताचे तंतू अडकले की पकड जाते. जुन्या टूथब्रशनं काढा. ओढून सोडल्यावर इलॅस्टिक मागे येईनासं झालं की पट्टा बदला.

गरोदर बायकांनी आणि हर्निया असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि लघवी अडली, नकळत होऊ लागली, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर दुकानात नव्हे, त्याच तासाला हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.