यशया हातात घेऊन ब्रिटिश म्युझियम: अश्शूर आणि बाबेलची दालनं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सकाळी शिरणारी निम्मी मंडळी रोझेटा दगडापाशीच अडकतात. ज्यांना बायबलमधल्या संदेष्ट्यांनी गर्विष्ठ राजांविषयी काय सांगितलं ते दगडात पाहायचंय, त्यांनी तिथे वेळ न दवडता दालन १० गाठावं. प्रवेश फुकट आहे, पण वेबसाइटवर वेळ नोंदवून ठेवलेली बरी. रोज १० ते ५ आणि शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. एखादं दालन त्या दिवशी बंद असू शकतं, तेव्हा निघण्याआधी तेही वेबसाइटवर बघा.

सोबत पवित्र शास्त्र हवंच. यशया १०, १४, ३६ आणि ३७, दुसरे राजे १८, नहूम ३, दानीएल ४ आणि ५ या पानांत आधीच खुणा घाला. आयत्या वेळी मोबाईलवर शोधत बसलात की मागून लोक ढकलतात.

बघायचा क्रम काळाचा ठेवावा, दालनांच्या नंबरांचा नाही. सुरुवात १०सी मधल्या खोर्साबादच्या पंखवाल्या, माणसाच्या तोंडाच्या बैलांपासून. हे अश्शूरचा राजा सर्गोन याच्या नव्या राजधानीचे राखणदार, एकेकाचं वजन सुमारे १६ टन. सर्गोनचं नाव बायबलमध्ये एकदाच येतं, यशया २०:१ मध्ये. इ.स.पू. ७०५ मध्ये तो लढाईत पडला आणि प्रेतही हाती लागलं नाही. यशया १४ मध्ये ‘प्रभातपुत्रा’ला कबरीबाहेर फेकून दिल्याचं जे म्हटलंय, ते मुळात सर्गोनवर रचलेलं असावं असं काही अभ्यासक मानतात. अध्यायात नाव मात्र बाबेलच्या राजाचं आहे, त्यामुळे हे शक्यतेपुरतंच धरावं. याच बैलांच्या चौथऱ्यावर कंटाळलेल्या पहारेकऱ्यांनी कोरलेला सोंगट्यांच्या खेळाचा पट आहे. खाली वाकल्याशिवाय तो दिसत नाही.

मग १०बी, म्हणजे लाखीशचा वेढा. सगळ्या फेरीतला सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. इ.स.पू. ७०१ मध्ये सर्गोनचा मुलगा सन्हेरीब याने यहूदा राज्यातलं हे तटबंदीचं शहर घेतलं आणि निनवे या आपल्या राजधानीतल्या राजवाड्यातली एक अख्खी खोली त्या चित्रांनी मढवली. डावीकडून उजवीकडे वाचत जा. मातीच्या उतारावरून भिंत फोडायची यंत्रं चढताहेत, वरून मशाली पडताहेत आणि यंत्रातला एक शिपाई लांब दांड्याच्या पळीने पाणी ओतून आग विझवतोय. पुढे बैलगाडीवर बोचकी आणि पोरंबाळं लादून निघालेली कुटुंबं आहेत. कोरीवकाम उथळ आहे. समोर उभं राहिलं की सगळं सपाट वाटतं, बाजूला सरकून तिरपं पाहिलं की रेषा उठतात.

शेवटी सिंहासनावर बसलेला सन्हेरीब. वरचा मजकूर त्याला ‘जगाचा राजा’ म्हणतो, आणि त्याच्या खाली राजाचा चेहरा छिन्नीने तासून टाकलेला आहे. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं तेव्हाची ही करणी असावी. बहुतेक लोक फोटो काढून पुढे जातात आणि नेमकं हेच बघायचं राहतं. इथे थांबून यशया १०:१५ वाचावं: कुऱ्हाडीने आपल्याला चालवणाऱ्यापुढे तोरा मिरवावा काय? मग ३७:३८, जिथे पोटच्या पोरांनीच त्याला देवळात मारल्याचं येतं. साल इ.स.पू. ६८१.

वरच्या मजल्यावर दालन ५५. इथे धीर लागतो, कारण मातीच्या पाट्या जेमतेम तळहाताएवढ्या. जवळचा चष्मा विसरलात तर फेरी फुकट. ‘टेलर प्रिझम’ म्हणून ओळखला जाणारा सहापैलू मातीचा खांब आधी शोधा. त्यात सन्हेरीब सांगतो की यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमात ‘पिंजऱ्यातल्या पाखरासारखं’ कोंडलं आणि ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं व ८०० किक्कार रुपं, म्हणजे चांदी, घेतलं. दुसरे राजे १८:१४ मध्ये सोनं तेवढंच, रुपं मात्र ३००. यरुशलेम जिंकल्याचं खांबावर कुठेच नाही. खालच्या मजल्यावर लाखीशचा एवढा डामडौल कशासाठी होता, ते इथे कळतं.

दानीएल ४:३० मधलं ‘हे थोर बाबेल मी बांधलं ना?’ हे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचं वाक्य मनात ठेवून ‘ईस्ट इंडिया हाउस’ शिलालेखासमोर उभं राहावं. दहा स्तंभांत त्याने आपल्या बांधकामांची जंत्री दिली आहे. दगडाला नाव आपल्या ओळखीच्या कंपनीचं, कारण तो कंपनीच्या बगदादच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे प्रतिनिधीमार्फत, लंडनला पोचला. दानीएल ५ मधल्या बेलशस्सरासाठी बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस याचे मातीचे दंडगोल पाहावेत. त्यांत तो थोरल्या मुलासाठी, म्हणजे बेलशस्सरासाठी, प्रार्थना करतो. बाप राजा, मुलगा कारभारी. म्हणूनच दानीएल ५:२९ मध्ये दानीएलाला ‘तिसरा’ हुद्दा दिला, हा अर्थ चपखल बसतो. बेलशस्सर नबुखद्नेस्सराचा मुलगा असल्याचं त्या अध्यायात म्हटलंय, ते मात्र या पाट्यांशी जुळत नाही.

बरेच हौशी मार्गदर्शक इथेच घसरतात. बाबेल एका रात्रीत ओसाड झालं असं ठोकून देतात. दालन ५२ मधला इराणचा राजा कोरेश याचा दंडगोल नेमका उलट सांगतो: इ.स.पू. ५३९ मध्ये तो शहरात लढाईविना शिरला. पुढे इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर मेला तोही बाबेलमध्येच. यशया १३ मधलं ओसाडपण यायला शतकं लागली.

घाई न करता खाली सव्वा तास आणि वर तासभर धरा. फोटो काढता येतात, ट्रायपॉड चालत नाही. मुलं बरोबर असतील तर ५५ मध्ये कंटाळतील, त्यांना बैल आणि लाखीश पुरे. आमच्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो दालनं दोन मजल्यांवर विखुरलेली असल्याने धागा मध्येच तुटतो म्हणून.

लंडन जमत नसेल तर मुंबईत काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातल्या अश्शूरी शिळा आहेत. लाखीश तिथे नाही, पण तिरपं उभं राहून बघायची सवय तिथेही लावून घेता येते.