कॉलेज अल्जिब्रासोबतचा सपोर्ट कोर्स : एका सेमिस्टरनंतरचा अनुभव

'सपोर्ट कोर्स', म्हणजे मुख्य गणिताच्या कोर्सबरोबरच पाया पक्का करून घेणारा जोडीचा कोर्स, 'घ्यावा का?' असं ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं म्हणून हे लिहायला घेतलंय. खरं तर घ्यायचा की नाही हे बहुतेकदा आपल्या हातात नसतंच. टेक्सासमध्ये कम्युनिटी कॉलेजात नाव घालताना टीएसआयए-२ ही चाचणी देतात. गणिताचा स्कोअर ९१० ते ९९० च्या पट्टीत येतो. ९५० किंवा वर असलात की थेट कॉलेज अल्जिब्रा, म्हणजे मॅथ १३१४. खाली राहिलात तर पुढे आणखी एक निदान चाचणी होते आणि तिच्यातही भागलं नाही की १३१४ च्या जोडीला सपोर्ट कोर्स लागतो. आमच्या कॉलेजात त्याचा नंबर ०३१४. आपल्या हातात उरतं ते एवढंच, की कुठला वर्ग निवडायचा. आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

माझी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे कुणाला किती लागू पडेल याचा अंदाज येईल. बारावी कॉमर्स, तेही मॅथ्सऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेऊन. त्यामुळे बीजगणिताशी शेवटचा संबंध दहावीत. बी.कॉम. लग्नानंतर अर्धवट राहिलं. आता ह्यूस्टनजवळ राहते आणि मला प्राथमिक शाळेत शिकवायचंय. त्यासाठी मॅथ १३५० हा शिक्षकांसाठीचा गणिताचा कोर्स करावा लागतो, आणि तो घ्यायचा तर आधी १३१४ पास असायला हवं. म्हणजे अल्जिब्रा टाळून पलीकडे जायला वाटच नव्हती.

पूर्वी इथे पद्धत वेगळी होती. चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्याला आधी पायाभूत गणिताचे एक-दोन, कधी तीन कोर्स एकापाठोपाठ एक करायला लावत. ते संपले की मग खरा कोर्स. प्रत्येक सेमिस्टरची फी भरायची, पदवीला एकही क्रेडिट नाही, आणि दोन सेमिस्टरच्या मधल्या फटीत माणसं गळायची. कुणाची नोकरी बदलायची, कुणाला मूल व्हायचं, कुणी नापास न होताही परत फिरकायचं नाही. टेनेसीच्या कॉलेजांनी २०१५ मध्ये ही उतरंड मोडून दोन्ही कोर्स एकाच वेळी सुरू केले. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये तशाच दिशेचा कायदा झाला. टेक्सासमध्येही त्याच वर्षी हाऊस बिल २२२३ हा कायदा आला आणि कॉलेजांनी टप्प्याटप्प्याने जोडकोर्स आणले. मी जुन्या पद्धतीत असते तर एव्हाना कदाचित अपूर्णांकांवरच असते.

प्रत्यक्षात कसं चालतं? सोमवार-बुधवार आधी सपोर्टचा तास, मग थोडी सुट्टी, मग १३१४ चा तास. खोली तीच, शिक्षिका त्याच. १३१४ मध्ये आज परिमेय समीकरणं असतील तर सपोर्टच्या तासाला अपूर्णांकांची बेरीज आणि लसावि. वर्गसमीकरणं असतील तर त्याआधी अवयव. म्हणजे जे लागणार तेवढंच, आणि लागायच्या तासभर आधी.

सुरुवातीच्या एका तासाला बाईंनी फळ्यावर २४ ÷ ४ × २ लिहिलं. वर्गातल्या अर्ध्या मुलांचं उत्तर ३ आलं, कारण त्यांना शाळेत पेमडास, म्हणजे क्रियांच्या क्रमाचं इथलं सूत्र, पाठ करून घेतलेलं असतं आणि त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं. माझं उत्तर १२ आलं, कंचेभागुबेवच्या कृपेनं. मनातल्या मनात जरा फुशारले. मग त्यांनी १० − ३ + २ लिहिलं. कंचेभागुबेव अक्षरशः पाळलं तर आधी बेरीज, म्हणजे उत्तर ५, आणि बरोबर उत्तर आहे ९. आपल्याकडचं सूत्र असो की त्यांचं, दोन्हींत तीच मेख. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर असतात, बेरीज-वजाबाकीही, आणि एका पायरीवरचं डावीकडून उजवीकडे सोडवत जायचं. दहावीपर्यंत हे मला असं कुणी सुटं करून सांगितल्याचं आठवत नाही. पुढे समीकरणांत उणे चिन्ह घेऊन कंस उघडताना ह्याच गोष्टीनं मला अनेकदा वाचवलं.

अवयवांचं प्रकरण मला सोपं गेलं. ६क्ष² + ११क्ष − १० मध्ये ६ आणि −१० चा गुणाकार −६०, बेरीज ११ येणारी जोडी १५ आणि −४, मधलं पद फोडलं की (३क्ष − २)(२क्ष + ५). महाराष्ट्र बोर्डात ज्यांनी हे घोटलंय त्यांचा हात आपोआप चालतो. संश्लेषक भागाकार आणि क्रेमरची पद्धतही धूळ झटकली की वर येतात. माझ्या टेबलावरच्या मुलाला, जो रात्री गोदामात काम करून सकाळी वर्गात यायचा, मी अवयव शिकवले आणि त्यानं मला आलेखाचं कॅलक्युलेटर शिकवलं.

मी अडले ती फंक्शनपाशी. नुसत्या आकडेमोडीनं इथे भागत नाही. क्षच्या जागी क्ष − ३ घातलं की आलेख डावीकडे जायला हवा असं वाटतं, आणि तो जातो उजवीकडे. सपोर्टच्या तासाला बाईंनी डेस्मॉस ह्या आलेख काढायच्या वेबसाइटवर सरकपट्टी लावून दिली आणि आकडा बदलत बसायला सांगितलं. त्याहीपेक्षा कोष्टक मांडल्यावर डोक्यात शिरलं : जे उत्तर पूर्वी क्ष = ० ला यायचं, ते आता यायला क्ष ३ असावा लागतो. मुख्य तासात ह्याला पाच मिनिटं मिळतात. सपोर्टमध्ये पाऊण तास मिळाला, आणि मला तो सगळा लागला.

लॉगरिदमला मात्र कॉमर्स कामी आलं. सहा टक्के चक्रवाढ दरानं पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं? मुदत घातांकात जाऊन बसलेली असते, तिला खाली उतरवायला लॉग घ्यायचा. उत्तर साधारण ११.९ वर्षं. आपल्याकडे एजंट लोक ७२ ला दरानं भागून १२ सांगतात ते कुठून येतं, हे त्या दिवशी कळलं.

आता कुरकुरी. सर्वांत मोठी गृहपाठाच्या सॉफ्टवेअरबद्दल. उत्तर बरोबर असूनही त्याला हव्या त्या रूपात नसेल तर लाल फुली. अपूर्णांकाच्या जागी दशांश चालत नाही, अंतराल लिहिताना गोल कंस की चौकोनी यात चुकलं की सगळं चूक, आणि का चूक ते धड सांगत नाही. मग तसाच नवा प्रश्न पुढे येतो. रात्री पोरांना झोपवून बसलं की ह्या फुल्या बघून डोकं फिरतं. मी शेवटी आधी वहीत पूर्ण सोडवून मग टंकायची सवय लावली.

दुसरी कुरकुर अशी की सपोर्टचे काही तास वेळेचं नियोजन, परीक्षेची भीती, 'मला गणित जमतं' अशा कागदांत गेले. अठरा वर्षांच्या मुलांना कदाचित उपयोग होत असेल. मला तेवढ्या वेळात घातांकांची आणखी दहा गणितं चालली असती.

आणि पैसे. सपोर्टचे तीन क्रेडिट-तास वेगळे लागतात, त्यांची फी वेगळी, आणि ते पदवीत मोजले जात नाहीत. सरकारी मदत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं : अशा पूर्वतयारीच्या कोर्ससाठी संघीय मदत जास्तीत जास्त ३० क्रेडिट-तासांपर्यंतच मिळते. पुस्तकाचा खर्च तरी वाचू शकतो. ओपनस्टॅक्सचं कॉलेज अल्जिब्राचं पुस्तक नेटवर फुकट आहे, आणि तो प्रकल्प आमच्याच ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा. मी त्यातली विषम क्रमांकांची गणितं सोडवायची, कारण उत्तरं मागे दिलेली असतात.

वर्ग निवडण्याबद्दल. माझी एक मैत्रीण त्याच कॉलेजात होती, पण तिचे दोन्ही कोर्स वेगवेगळ्या शिक्षकांकडे आणि वेगवेगळ्या दिवशी. मुख्य वर्गात बहुपदींचे आलेख चालू असताना सपोर्टमध्ये अजून रेषेचा चढ. तिला दोन वेगळे विषय घेतल्यासारखं झालं, गृहपाठ दुप्पट आणि आधार मात्र नाही. ती पास झाली, पण सपोर्टमुळे झाली असं ती म्हणणार नाही. मी म्हणेन. दोघींच्या कोर्सचं नाव एकच, अभ्यासक्रमाचा कागदही एकच, तरी अनुभव इतका वेगळा.

घरी कुणी इंजिनिअर असेल तर सपोर्टची काय गरज, असंही काहींना वाटतं. आमच्याकडे आहेत एक. 'अगं, हे तर उघड आहे' ह्याच्यापुढे त्यांचं शिकवणं सरकलं नाही. कॉलेजच्या शिकवणी केंद्रात मात्र फुकटात, न चिडता समजावणारे विद्यार्थी बसतात. तिथे दुपारी गर्दी कमी असते.

गणित बारावीपर्यंत घेतलेल्यांनी चाचणीची नीट तयारी करून ९५० चा प्रयत्न करावा, त्यांना सपोर्टमध्ये कंटाळा येईल. ज्यांचं दहावीनंतर सुटलंय त्यांनी कमीपणा न मानता घ्यावा. आमच्या कॉलेजात १३१४ ला सी किंवा वरची श्रेणी मिळाली की टीएसआयची, म्हणजे गणिताची तयारी दाखवायची, अट सुटते, पुन्हा चाचणी नाही. मला बी मिळाला.

नोंदणी करताना वेळापत्रकात ०३१४ आणि १३१४ समोर एकाच शिक्षकाचं नाव आहे ना आणि दोन्ही तास लागून आहेत ना, एवढं बघा. दिसत नसेल तर सल्लागाराला ईमेल करून विचारा, नुसतं 'कुठलाही चालेल' म्हणू नका. संध्याकाळचे असे वर्ग मोजकेच असतात आणि नोकरीवाले ते पहिल्या आठवड्यातच भरून टाकतात.