‘थॉट लीडर’ करतो म्हणाला आणि माझे १,४७,९९९ रुपये घेऊन गेला

नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझं मार्केटिंगचं छोटं ऑफिस आहे. मी आणि हाताखाली दोन मुली. सतरा वर्षं याच धंद्यात काढली. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे कॅटलॉग, दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदारांचं पॅकिंग, दोन बिल्डर, एक दवाखाना अशी कामं आहेत. एवढं सांगते कारण माझी गोष्ट ऐकून पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, ‘तू तर याच लाइनमधली, तू कशी फसलीस?’ याच लाइनमधली होते म्हणूनच फसले. ज्याला फॉलोअर नकोतच, त्याला फॉलोअर कोण विकणार?

सप्टेंबरात माझ्या हातून एक काम गेलं. वर्षाला सहा लाखांचं, सिन्नरच्या एका कंपनीचं. त्यांच्या संचालकांनी तोंडावर सांगितलं, ‘मॅडम, तुमचं काम चांगलंय, पण पुण्याच्या एजन्सीच्या साहेबांचे लिंक्डइनवर अठ्ठावीस हजार फॉलोअर आहेत. तुमचे नऊशे.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. सतरा वर्षांच्या कामाची किंमत नऊशे! हे मनात घेऊनच मी पुढे सगळं केलं. कुणी याला हाव म्हणेल. मी म्हणणार नाही. आज आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कामाआधी प्रोफाइल बघतं, हे खरं आहे.

नोव्हेंबरात एक जण माझ्या पोस्टवर कमेंट करू लागला. ‘खूप छान मॅम’ छापाच्या नाहीत, नीट वाचून केलेल्या. पॅकिंगच्या रंगांवर मी लिहिलं होतं, त्यावर त्याने असा मुद्दा काढला की मी दोन दिवस त्याचाच विचार करत होते. तीन आठवडे त्याने काहीही विकलं नाही. मग मेसेज आला आणि फोन झाला. मराठीत गोड बोलणारा, शब्दाशब्दाला ‘ताई’. म्हणाला, अंधेरीत ऑफिस आहे, मार्केटिंगमधल्या लोकांचा वैयक्तिक ब्रँड उभा करतो. त्याच्या सादरीकरणातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या होत्या. एडेलमन ही जनसंपर्क कंपनी आणि लिंक्डइन मिळून थॉट लीडरशिपवर, म्हणजे आपल्या क्षेत्रातला जाणकार म्हणून मतं मांडण्यावर, अहवाल काढतात, कंपन्या खरेदी करताना असं लेखन वाचतात, हे त्याने दाखवलं आणि मी ते तपासलंही. तपासलं तेवढं खरं निघालं. द्राक्षाच्या पेटीत वरचा थर निवडक घडांचा असतो, हे दिंडोरीत इतकी वर्षं फिरून मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मी वरचा थर बघूनच थांबले.

पैसे असे गेले. २ डिसेंबरला ‘प्रोफाइल ऑडिट’चे ४,९९९. ९ जानेवारीला मुख्य प्रोग्रॅमचे ५९,०००. २४ जानेवारीला ‘देशातल्या ४० मार्केटिंग लीडर्स’च्या यादीच्या नामांकनाचे २३,६००. ६ फेब्रुवारीला लिंक्डइनच्या निळ्या बिल्ल्याची ‘प्रोसेसिंग फी’ ३५,४००. आणि १३ फेब्रुवारीला दिल्लीच्या एका परिषदेत व्यासपीठावर बोलायला मिळावं म्हणून परत मिळणारं डिपॉझिट २५,०००. एकूण १,४७,९९९. हे आकडे मी रोज मनात पुन्हा पुन्हा मिळवते.

निळ्या बिल्ल्याचं इथेच सांगून टाकते. लिंक्डइनचा टॉप व्हॉइस हा निळा बिल्ला फक्त त्यांच्या आमंत्रणावर मिळतो. त्याला अर्ज नाही, फी नाही. ओळख पडताळणीची खूण वेगळी असते, ती भारतात आधारवरून होते आणि फुकट होते. दोन्हींसाठी कुणी एक रुपया जरी मागितला, तरी तिथेच ब्लॉक करा. ही माहिती त्यांच्याच मदत पानांवर उघडी लिहिलेली आहे. ते पान मी १७ फेब्रुवारीला वाचलं.

आता ९ जानेवारी. हा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या दिवशी मी दिंडोरी रोडच्या एका पॅकहाउसमध्ये होते. हंगाम नुकता सुरू झाला होता. लांब टेबलांवर बायका टोप्या घालून अर्ध्या किलोच्या डब्यांत घड बसवत होत्या, कात्रीने खराब मणी काढत होत्या. आत इतकं गार की माझी बोटं बधिर झालेली. तेवढ्यात फोनवर बिल आलं. मी दाराजवळ उजेडात येऊन ते मोठं करून पाहिलं. वर पत्ता अंधेरी पूर्व, मुंबई. खाली जीएसटी नंबर, सुरुवातीला ०९.

महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. हे मला शोधावं लागत नाही, दर महिन्याला मी शंभर बिलं बघते. त्याच्या खाली आणखी मोठी चूक होती. ५०,००० वर सीजीएसटी ४,५०० आणि एसजीएसटी ४,५००, म्हणजे एकाच राज्यातल्या व्यवहाराला लागतात ते केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग. उत्तर प्रदेशातली नोंदणी आणि गिऱ्हाईक नाशिकचं, तर दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी लागायला हवा, एकच आकडा, ९,०००. दोन भाग होऊच शकत नाहीत. आदल्याच आठवड्यात सातपूरच्या आमच्या छपाईवाल्याचं बिल मी याच चुकीसाठी परत पाठवलं होतं, वर त्याला बोलले होते की काका, एवढं तरी बघत जा.

मी पाहिलं. मला दिसलं. दिसलं नसतं तर मी आज स्वतःला माफ केलं असतं. मी त्याला फोनही केला. तो क्षणभरही अडखळला नाही. ‘ताई, बिलिंग नोएडाच्या कंपनीकडून होतं, काम अंधेरीतून चालतं. सॉफ्टवेअर आपोआप बिल काढतं, अकाउंट्सला सांगून दुरुस्त करून देतो. फक्त जानेवारीच्या बॅचचा एकच स्लॉट उरलाय, सहा वाजता बंद होतोय.’ आतून निर्यातदार हाक मारत होते, लेबलचा नमुना पास करायचा होता. मी ‘बरं, दुरुस्त करून पाठवा’ म्हटलं आणि पिन टाकला. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं होतं, कुठल्याशा मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. तेही वाचलं. वाचूनही बोट पुढे गेलं.

दुरुस्त केलेलं बिल कधीच आलं नाही. मी आठवणही केली नाही, कारण मनात हिशेब मांडून ठेवला होता की ५९,००० मधले ९,००० जीएसटी क्रेडिट म्हणून परतच येणार आहेत. म्हणजे खरा खर्च पन्नासच. असले हिशेब आपल्याला शहाणं वाटायला लावतात.

बिल आलं की जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो पंधरा अक्षरांचा नंबर टाकून बघा. लॉगिनसुद्धा लागत नाही. मी फेब्रुवारीत टाकला, तेव्हा एका होजिअरीच्या दुकानाचं नाव आलं, नोंदणी रद्द झालेली. अर्धं मिनिट लागलं.

मधल्या काळात ‘काम’ चालू होतं, म्हणून संशय दबत गेला. त्याने पोस्ट टाकायला पासवर्ड मागितला, मी दिला. (पासवर्ड कुणालाही देऊ नका. एजन्सी कितीही मोठी असो, लिहिलेलं तुमच्याकडे येऊ दे, टाका तुम्हीच.) फॉलोअर ९४० वरून ११,२०० वर गेले. पोस्ट टाकली की दहा मिनिटांत सहाशे लाइक, आणि खाली एकाच वाक्याच्या चाळीस कमेंट. मला आनंद झाला, हे कबूल करते. सिन्नरच्या त्या संचालकांना मी एक लिंकही पाठवली. त्यांनी उघडून वाचली असती तर बरं झालं असतं की वाईट, कळत नाही. कारण माझ्या नावाने, माझ्या फोटोखाली, प्रसिद्ध झालेल्या त्या लेखाची सुरुवात अशी होती की कृष्णेच्या काठी वसलेल्या नाशिकमध्ये मी वाढले.

कृष्णेच्या काठी! मी पंचवटीतली. लहानपणी रोज संध्याकाळी आजीबरोबर रामकुंडावर जायचे. माझ्या नावावर गोदावरीच पुसली गेली आणि मला ते नऊ दिवसांनी कळलं, तेही एका जुन्या क्लायंटने फोन करून विचारलं तेव्हा. मशीनकडून लिहून घेतलेलं, न वाचता टाकलेलं. पैशाचं दुःख एकीकडे, पण हा लेख आठवला की अजून कान तापतात. आणि तो ज्या ‘आंतरराष्ट्रीय मासिकात’ आला होता, त्याचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, चारच महिन्यांपूर्वी घेतलेलं होतं. डोमेन कधी घेतलं हे फुकट बघता येतं. बघा.

पुढे माझ्या लिंक्डइन खात्यावर निर्बंध आले. त्यात लिंक्डइनची चूक नाही. खोटे लाइक आणि बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खोटी खाती, त्यांच्या करारात बसत नाहीत आणि मी त्या करारावर हो म्हटलेलं आहे. पण सतरा वर्षांत लोकांनी मनापासून लिहिलेल्या शिफारशी त्या खात्यात अडकल्या.

बिंग फोडलं आमच्या सीएंनी. १७ फेब्रुवारीला फोन आला, ‘ताई, जानेवारीची ही दोन बिलं तुमच्या टू-बीमध्ये दिसत नाहीत. समोरच्याने भरलेलीच नाहीत. आणि हा नंबर ०९ काय आहे?’ (टू-बी म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी.) मी फोन ठेवला आणि अर्धा तास ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून होते. तिन्ही बिलांतला मिळून १८,००० चा ‘कर’ सरकारकडे गेलाच नव्हता. त्या माणसाचा नंबर बंद. प्रोफाइलचा फोटो इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधलं तर विकतचे फोटो देणाऱ्या साइटवरचा निघाला.

मग मी दुसरी चूक केली. लाजेपोटी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर पहिल्या तासात लावायचा असतो. पैसे खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. १३ तारखेलाच संशय घेतला असता, तर निदान ते २५,००० वाचले असते. लाजायचं नंतर लाजा, आधी फोन लावा.

मी फोन लावला १९ फेब्रुवारीला. तक्रार क्रमांक मिळाला, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर माहिती भरली. बँक त्या दिवशी शिवजयंतीमुळे बंद. पोलीस ठाण्यात गेले तर सगळे बंदोबस्ताला. ते मला समजतं, मिरवणूक सोडून कुणी माझ्यासाठी बसावं असं मी म्हणत नाही. पण २० ला गेले तर साहेब मीटिंगला. २३ ला गेले तर २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची बैठक. २५ ला दीड तास बाकड्यावर बसवून एका कर्मचाऱ्याने कागद चाळले आणि सगळ्यांदेखत मोठ्याने विचारलं, ‘म्हणजे मॅडम, फेमस व्हायला पैसे दिले तुम्ही?’ दोघं हसले. त्या खोलीत मी आरोपी होते की फिर्यादी, मला कळेना. शेवटी साहेब म्हणाले, ‘तुम्ही सेवा घेतली, त्याने थोडी दिली, थोडी नाही. हा दिवाणी मामला आहे. वकील गाठा.’

दिवाणी? दुसऱ्याचा फोटो लावून, दुसऱ्याच्या रद्द नंबरावर बिल काढून, कर म्हणून पैसे घेऊन माणूस पळून जातो, हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी, तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक, ते कशासाठी आहे? हे मी तिथे बोलले, तर उत्तर आलं, ‘तुम्ही वकील आहात का?’ नाही. पण माझे पैसे गेलेत म्हणून मला वाचावं लागलं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिल्यावर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलेलं आहे. मला मिळाली फक्त अर्जावर आवक शिक्क्याची पोच, तीही मागून.

बँकेचं वेगळंच. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. अधिकाऱ्याने ते नुसतं परत सरकवलं. म्हणाला, ते परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना लागू आहे, तुम्ही पिन स्वतः टाकला. कायद्याने तो बरोबर असेल. पण बसायला खुर्ची तरी द्यायची. एक फॉर्म भरून घेतला, दुसऱ्या आठवड्यात तोच फॉर्म पुन्हा भरून मागितला, पहिला सापडत नाही म्हणून.

आजची स्थिती अशी: पैसे चार खात्यांतून फिरून रोखीने काढले गेलेत. एका खात्यात ३१२ रुपये गोठवलेत.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी पोलीस आयुक्तालयात लेखी अर्ज देणार आहे. ठाण्यात गुन्हा घेतला नाही तर वरिष्ठांकडे लेखी जाण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. नाशिकमधल्या आणखी दोन बायकांनी मला सांगितलं की त्यांनाही याच ‘४० लीडर्स’च्या यादीचा फोन आला होता. एकीने २३,६०० भरलेत, घरी माहीत नाही. तुमच्याकडे अंधेरीचा पत्ता आणि ०९ ने सुरू होणारा नंबर असलेलं बिल असेल, तर त्याची प्रिंट, यूपीआयच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन या. चॅट पुसू नका. तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही. एकटीचा अर्ज त्यांनी दिवाणी ठरवला, पाच जणींचा कसा ठरवतात ते बघू.