गणपती पेठेतले सायकल दुरुस्तीचे दुकान: नाव सांगण्याआधी माप घेणारे मिस्त्री

सांगलीच्या गणपती पेठेत, मुख्य रस्त्यापासून थोड्या आतल्या बोळात, एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर ‘सायकल दुरुस्ती’ याखेरीज एकही अक्षर नाही. आमच्या घरातील जुनी इंग्लिश रेसिंग सायकल मी आषाढात तेथे नेली आणि मार्गशीर्षात परत आणली. पाच महिने हा काळ मोठा आहे, आणि त्याबद्दलची तक्रार पुढे येईलच. परंतु त्यातले पहिले तीन आठवडे मिस्त्रींनी सायकलला पाना लावला नाही, ते केवळ मापे घेत होते. या दुकानाविषयी लिहावेसे वाटले ते त्या तीन आठवड्यांमुळे.

सायकल माझ्या चुलत आजोबांची. ते शिक्षणासाठी बर्मिंगहॅमला होते आणि 1959 मध्ये परतताना त्यांनी ती बोटीने मुंबईला आणली. पुढे एका रंगाऱ्याने तिच्यावर काळ्या एनॅमलचे जाड थर चढवले आणि बाजारात मिळणारे ‘रॅले’ या इंग्लिश सायकल कंपनीचे स्टिकर चिकटवून दिले, तेव्हापासून घरात तिला सगळे रॅलेच म्हणत आले. ऑगस्ट 2019 च्या पुरात ती तळमजल्यावरच्या खोलीत कृष्णेच्या पाण्याखाली राहिली. गाळ नळ्यांत शिरला, छर्रे गंजून एकमेकांना चिकटले आणि चेन हातात घेताच तुटली.

मी दुकानात गेलो तो ‘रॅले आहे, ओव्हरऑइलिंग करून द्या’ असे म्हणतच. मिस्त्री म्हणाले, “सर, नाव राहू द्या. आधी आटे मोजू.” मला ते वेळकाढूपणाचे वाटले, तसे नव्हते. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्यातील सायकलींच्या पायडलखालच्या नळीला, म्हणजे बॉटम ब्रॅकेटला, इंचाला 26 आटे असत. इतर बहुतेक इंग्लिश कारागीर 24 आट्यांचे प्रमाण पाळत. मिस्त्रींनी गाळ काढला, वाटी सोडवली, गेज लावले, आणि आटे 24 भरले. एवढ्यावर निकाल लावता येत नाही, हेही त्यांनीच सांगितले. रॅलेने 1960 मध्ये वर्कसॉपची कार्लटन कंपनी विकत घेतली, आणि कार्लटनच्या हलक्या फ्रेमींना 24 आटेच असत. मात्र आमची सायकल त्या खरेदीच्या आधीच बोटीत चढली होती, त्यामुळे रॅले हे नाव तेथेच गळले.

घरात दुसरा पुरावा मागच्या चाकाच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, मानला जाई. त्यावर स्टर्मी-आर्चर हे नाव, ‘एडब्ल्यू’ ही अक्षरे आणि 57 हा आकडा ठोकलेला आहे. स्टर्मी-आर्चर ही नॉटिंगहॅमचीच कंपनी आणि तिचे रॅलेशी नाते जुने, म्हणून सायकलही रॅले, असा आमचा तर्क होता. पण हा तीन गिअरचा हब 1936 पासून निघू लागला आणि तो असंख्य नावांच्या सायकलींना बसवला गेला. त्यावरचा आकडा हब कोणत्या वर्षी तयार झाला ते सांगतो. फ्रेमबद्दल तो काहीच सांगत नाही, कारण चाक नंतरही बदललेले असू शकते.

फ्रेमविषयी खरे काही कळले ते सीटच्या दांडीवरून. जुनी दांडी व्हर्नियरने मोजली तेव्हा ती 27.2 मिलिमीटर भरली. सीटची नळी बाहेरून 28.6 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाला अष्टमांश कमी. त्यातून दांडी वजा केली की नळीच्या भिंतीला दोन्ही बाजू मिळून दीड मिलिमीटरसुद्धा उरत नाही. साध्या सायकलीची भिंत याहून जाड असते, म्हणून तिला दांडीही बारीक लागते. इतकी पातळ आणि तरीही साठ वर्षे टिकलेली नळी म्हटल्यावर बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सचे नाव डोळ्यांसमोर येते. त्यांनी 1935 मध्ये ‘531’ हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद बाजारात आणले आणि इंग्लिश रेसिंग सायकली पुढे कित्येक दशके त्याच्या बनल्या. मागच्या चिमट्याच्या टोकाशी एनॅमलखाली चार आकडी क्रमांक सापडला आणि लगांच्या, म्हणजे नळ्या जेथे जोडतात तेथल्या बाह्यांच्या, कडा हाताने कानशीने घासून पातळ केलेल्या दिसल्या. मिस्त्रींचा निष्कर्ष असा होता: इंग्लंडमधील लहान कारागिराची, क्लबच्या शर्यतींसाठी बनवलेली हलकी फ्रेम. त्यापुढे एक शब्द बोलायला ते तयार झाले नाहीत. नवे स्टिकर करून देऊ का, असे मीच विचारले, तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला.

दुरुस्तीतही हाच स्वभाव दिसला. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, केले असते तर तो क्रमांक पुसट झाला असता, म्हणून त्यांनी रंग रसायनाने सोडवला आणि गंजलेले सुटे भाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यात बुडवून नंतर सोड्याच्या पाण्याने धुतले. नळ्यांच्या आतून जवसाचे तेल फिरवले, कारण पुराचा गंज आतून खातो आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मागच्या नळीचा एक सांधा उकलला होता. कुपवाडच्या एमआयडीसीत वेल्डिंगला तोटा नाही, पण असल्या पातळ पोलादाला वेल्डिंगची उष्णता दिली तर ते जोडाशेजारी ठिसूळ होते. मिस्त्रींनी पितळेचे ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोडणे, मंद आचेवर केले आणि तो सांधा शिवल्यासारखा बसला.

चाकांबाबत त्यांनी मला एका खर्चिक चुकीतून वाचवले. चाके 27 इंची, रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास 630 मिलिमीटर. आपल्याकडच्या साध्या सायकलीचा 28 बाय दीडचा टायर 635 चा, तर आजच्या रेसिंग सायकलीचा 622 चा. पहिला सैल पडून निसटतो आणि दुसरा चढतच नाही. मी 28 चा टायर आधीच विकत घेऊन ठेवला होता. तो आता शेजाऱ्यांच्या सायकलीला आहे. योग्य टायर मुंबईहून मागवावे लागले.

क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, कॉटर (दांडा आसावर पक्का करणाऱ्या पाचरी) बसवणे मात्र पाहण्यासारखे काम होते. दोन्ही कॉटरचे सपाट तोंड एकाच कोनात घासले नाही तर दोन पायडल समोरासमोर येत नाहीत आणि पाय लंगडतो. शिवाय कॉटर ठोकताना क्रँकखाली पाइपचा तुकडा लावावा लागतो. तो न लावता हातोडा मारला की दणका थेट छर्‍यांवर जातो. पुढे बॉटम ब्रॅकेटमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा नवे छर्रे बसले, आणि दोन्ही चाकांचा आऊट इतका नेमका काढला की ब्रेकचे रबर रिमला समान अंतरावर राहते.

तक्रारी तीन आहेत. काम कधी होईल याचा अंदाज कधीही खरा ठरला नाही. दिवाळीआधी मिळेल म्हटलेली सायकल दिवाळीनंतर महिन्याने मिळाली. मजुरी सहा हजार सांगितली होती, ती साडेनऊ हजारांवर गेली, आणि वाढ मागितल्याशिवाय कळली नाही. तिसरी गोष्ट गंभीर आहे: गिअरची तार किंचित सैल ठेवून सायकल माझ्या हाती दिली. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक मोकळी जागा असते. तार सैल असेल तर उभे राहून जोर देताना पायडल एकदम रिकामे फिरते. आयर्विन पुलावर माझे तसे झाले. परत नेल्यावर मिस्त्रींनी लगेच तार आवळली, पैसे घेतले नाहीत आणि चूक मान्य केली.

जाताना काही ध्यानात ठेवावे. दुकान सकाळी साडेनऊनंतर उघडते आणि दुपारी एक ते चार बंद असते. फोनवर दर विचारून उपयोग नाही, सायकल पाहिल्याशिवाय ते बोलत नाहीत. जुनी सीटची दांडी, काढून ठेवलेले मडगार्ड, गंजलेले कॉटर, जे काही घरात सापडेल ते पिशवीत घालून सोबत न्यावे. आणि सायकल घासूनपुसून नेऊ नये; माझ्याकडून मळ जरा जास्त निघाला होता, तर त्याखालच्या हिरव्या मूळ रंगाचा एक तुकडा गेला म्हणून मला बोलणी खावी लागली.