स्लाइमचा वाढदिवस : तयार किट घ्यावं की सुटं सामान?

सात ते दहा वर्षांची बारा मुलं आणि दीड तासाची पार्टी, एवढं गृहीत धरून हा परीक्षण-लेख. स्लाइम म्हणजे गोंदापासून केलेला, हातात ताणून खेळायचा लिबलिबीत गोळा. त्यासाठी ऑनलाइन मिळणाऱ्या तयार किटांपेक्षा सुटं सामान सरस ठरतं, पण मोजून घालायची तयारी असेल तरच.

किटच्या खोक्यावर रंगांची, चमकीची आणि डब्यांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. पाहायचं असतं ते गोंदाचं वजन. हाताच्या ओंजळीत मावेल एवढ्या स्लाइमला एका मुलामागे ५० ग्रॅम गोंद लागतो. त्यातून बारा मुलांचा हिशेब केला की बहुतेक खोकी दोघा-तिघांचीच निघतात. दुसरी उणीव अ‍ॅक्टिव्हेटरच्या, म्हणजे गोंद घट्ट करणाऱ्या द्रावणाच्या बाटलीची. ती किती तीव्र आहे ते लिहिलेलं नसतं, आणि एका मुलाने ती पूर्ण पिळली की पुढच्याला काही उरत नाही. थर्माकोलच्या बारीक गोळ्या तर काढूनच ठेवा. पंखा लावला की त्या घरभर होतात.

किटची जमेची बाजूही खरी आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, म्हणजे चिन्ह असलेल्या खोक्यामागे काही एक तपासणी असते. एकाच मुलाला भेट द्यायची असेल तर चिन्ह पाहून किट खुशाल घ्या.

सुट्या सामानात पांढरा गोंद म्हणून फेविकॉल एमआर उत्तम काम करतो. स्लाइमसाठी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट) जातीचा गोंद लागतो आणि हा त्याच जातीचा आहे. गोंदातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांना बोरेट (बोरॉनचं संयुग) एकमेकींशी बांधतं आणि पातळ पदार्थ लवचीक होतो. गोंदाची कांडी इथे चालत नाही. पारदर्शक गमचंही खात्रीने सांगता येत नाही, कारण काही गम डेक्स्ट्रिनचे, म्हणजे स्टार्चपासून केलेले असतात. तो वापरायचाच असेल तर आदल्या दिवशी चमचाभर घेऊन करून पाहा. बारा मुलांना ६०० ग्रॅम लागतो, पण एक किलो आणा. दोन-तीन वाट्या बिघडतातच.

बोरेट येतं टाकणखारातून (बोरॅक्स). तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. किराणावाला पापडखार पुढे करेल, त्याने स्लाइम होत नाही. टाकणखाराची लाही (भाजून फुलवलेला टाकणखार) घेतली असेल तर वजनाने निम्मीच घाला, कारण तिच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं. कॅरमची बोरिक पावडर ही वेगळी वस्तू आहे. ती एकटी गोंद बांधत नाही, सोबत खाण्याचा सोडा लागतो. कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाचंही तेच, आणि त्याच्या लेबलवर बोरिक अ‍ॅसिड किंवा सोडियम बोरेट लिहिलेलं असायलाच हवं.

कृती अशी. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन सपाट छोटे चमचे टाकणखार पूर्ण विरघळवा आणि द्रावण थंड होऊ द्या. हे काम मोठ्यांचं, मुलांच्या हाती कोरडी पूड द्यायची नाही. प्रत्येक मुलाच्या कागदी कपात ५० ग्रॅम गोंद, ४० मिली पाणी आणि रंगाचे दोन थेंब आइस्क्रीमच्या काडीने ढवळा. मग द्रावण एकेक छोटा चमचा घालत जा आणि प्रत्येक चमच्यानंतर पंचवीस-तीस वेळा ढवळा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला गोळा कपाच्या कडा सोडू लागतो. इथेच थांबायचं. तो अजून चिकट वाटतो, म्हणून सगळे आणखी चमचा घालतात आणि स्लाइम रबरासारखं तुटायला लागतं, पाणी सोडतं. चिकटपणा मळल्याने जातो. दोन-तीन मिनिटं नुसतं मळू द्या.

हात आखडता ठेवायचं याहून मोठं कारण सुरक्षेचं आहे. चार चमचे द्रावणात साधारण ०.३ ग्रॅम टाकणखार जातो, म्हणजे तयार स्लाइममध्ये किलोमागे सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या आसपास बोरॉन. युरोपात चिकट खेळण्यांतून सुटणाऱ्या बोरॉनची मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांना हे स्लाइम देऊच नये. हाताला जखम किंवा इसब असेल तर मोठ्या मुलांनाही नको. घरातल्या वाट्या-चमचे वापरू नका, आणि स्लाइम झाल्यावर साबणाने हात धुऊन मगच केक.

लहान भावंडांसाठी दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये एक वाटी पाणी कालवा. बुक्की मारली की घट्ट, बोटं सोडली की पातळ. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा स्टार्च. पिवळं मक्याचं पीठ आणलंत तर नुसता लगदा होईल. ही खीर बेसिनमध्ये ओतू नका, खाली बसून पाइप तुंबवते.

स्लाइमच्या आधी पंधरा मिनिटं फुग्याचा प्रयोग ठेवा. बाटलीत १०० मिली व्हिनेगर, फुग्यात सपाट चमचा म्हणजे पाच ग्रॅम खाण्याचा सोडा. फुगा तोंडाला चढवून उभा केला की तेरा-चौदा सेंटिमीटरपर्यंत फुगतो. सोडा दुप्पट केला तरी फुगा मोठा होत नाही, कारण ४ टक्क्यांच्या व्हिनेगरमधलं आम्ल तेवढ्यातच संपतं. मुलांना हे आधी सांगू नका, दोन बाटल्या शेजारी ठेवून त्यांनाच पाहू द्या. बेकिंग पावडर इथे नको, तिच्यात स्टार्चही असतो. आणखी एक प्रयोग हळदीचा : कपभर स्लाइममध्ये चिमूटभर घातली की पिवळ्याऐवजी केशरी-लाल रंग येतो, कारण टाकणखार अल्कलीधर्मी आहे. तो कप मात्र मोठ्यांनीच हातात धरावा, डाग जात नाहीत.

घरी नेण्यासाठी घट्ट झाकणाचे छोटे डबे द्या आणि झाकणावर तारीख लिहा. आठवडाभराने किंवा वास आला की टाकून द्यायचं. सतरंजीवर किंवा कपड्यावर स्लाइम पडलं तर गरम पाणी आणि घासणं नंतर. आधी व्हिनेगर ओतून पाच-दहा मिनिटं थांबा. आम्लाने बोरेटची बांधणी सुटते आणि गोंद पुन्हा पातळ होऊन पाण्याने निघतो. केसांत अडकलं तर खोबरेल तेल लावून हळूहळू ओढून काढा, कात्री लागत नाही. गोंद सुकू देऊ नका. एकदा वाळला की कापडातून काढणं फार जड जातं.